आक्कांची उचकी आणि माझी साखर

पाथरी, आषाढ वद्य दशमी, शके १९०८

चि. सूर्यभान यास प्रभावतीबाईंचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिणे भाग पडले ते उचकीमुळे. उचकी माझी नव्हे, तुझ्या बहिणीची, म्हणजे माझ्या थोरल्या जावेची, आक्कांची. (मला लागली तर मी पाणी पिते आणि कामाला लागते.) ताडकळसला सर्वांची प्रकृती ठीक असेल, तुझे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालत असेल, असे धरून चालते. नसेल तर तसे कळव, उगाच 'सर्व क्षेम' लिहू नकोस.

मंगळवारी सकाळी आक्कांनी तव्यावरची भाकरी ठेच्याशी घाईघाईने खाल्ली आणि उचकी लागली. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो. तो अचानक आचका देतो, घशातली फट मिटते आणि आवाज होतो. (हा धडा मी तुला आठवीत शिकवला आहे. तू तेव्हा खिडकीबाहेर पाहत होतास.) आक्कांनाही सांगितले. त्या म्हणाल्या, "ते असंल बाई, पन आठवण कोन काढायलंय?" मग शेजारच्या चतुराबाई पाट ओढून बसल्या आणि नावे सुरू झाली. ज्याच्या नावाला उचकी थांबते तोच आठवण काढत असतो, हा आपल्याकडचा सिद्धांत. परभणीची लेक झाली, दोन्ही विहिणी झाल्या, चारठाण्याचे पाहुणे झाले, एकदा गळके पातेले गळ्यात मारून गेलेली बोहारीणसुद्धा झाली. उचकी जागच्या जागी. दुपार कलली, पोटात पाणी ठरेना, आक्कांचा चेहरा उतरला. तेव्हा मात्र मला हसू येईना.

"एक नाव ऱ्हायलंय की," चतुराबाई म्हणाल्या.

"उचकीनं मेले तरी घेणार न्हाई," आक्का म्हणाल्या.

ते नाव कोणाचे, हे तुला सांगायला नको. आमच्याच घरून तू मुलाखतीला निघताना कोणी शिंकले म्हणून आक्कांनी तुला उंबऱ्यातून मागे फिरवले, पाणी पाजले, घटकाभर बसवले, आणि एस.टी. निघून गेली. (शिंक चतुराबाईंची होती आणि कारण मिरच्यांची फोडणी. तिखट नाकात गेले की नाक ते बाहेर फेकते. त्याला कोणाच्या नोकरीशी कर्तव्य नसते.) तेव्हापासून तुमचे बोलणे बंद. तुझा राग मला त्या दिवशी पटला होता. इतकी वर्षे टिकलेला पटत नाही.

शेवटी मी चमचाभर साखर आक्कांच्या तोंडात घातली. दाणेदार साखर घशातल्या मज्जातंतूंना दुसरे काम देते आणि आचके थांबतात. (प्राणिशास्त्र घेऊन हैदराबादला चार वर्षे उगाच नाही घालवली.) साखर विरघळत असतानाच आक्का पुटपुटल्या, "सूर्या." उचकी थांबली. सगळे श्रेय तुला गेले.

"साखरंनं का उचकी जाती?" चतुराबाईंनी मलाच सुनावले. "मास्तरीण असून तुमाला एवढं कळंना!"

आता आक्का रोज दारात बसतात. नागपंचमीला भाऊ मुऱ्हाळी होऊन माहेरी न्यायला येणार, असे त्यांनी गल्लीभर सांगून टाकले आहे. डावा डोळाही लवतो म्हणतात. (बाईचा डावा शुभ. वास्तविक जागरण आणि चहा वाढला की पापणी फडफडते, आणि सध्या त्यांचे दोन्ही वाढले आहे.) लुगड्यांच्या घड्या घालून पिशवी भरली आहे, ती खुंटीला लावली आहे. पंचमी होऊन गेली आणि ती तशीच राहिली, तर ती रिकामी करण्याचे काम माझ्याकडे येईल. ते मला जमणार नाही.

असो. हे पत्र केवळ शास्त्रीय माहितीसाठी आहे. कळावे.

प्रभावती

ता.क. पंचमीच्या आदल्या दिवशी ये.

आणखी ता.क. मंगळवारी आठवण काढली होतीस का, असे आक्का विचारतील. हो म्हण. दुपारी काढली, असेही सांग. परीक्षेत असे उत्तर लिहिले असतेस तर मी शून्य दिले असते.

नामांतराच्या बंदमुळे टपालाचा भरवसा नाही. म्हणून बाजाराला आलेल्या तुमच्या गावच्या सीतारामच्या हाती पत्रासोबत दिले: कारळाच्या चटणीचा डबा एक, आक्कांनी शिवलेला फ्रॉक एक, तुझ्या मुलीसाठी, जिला त्यांनी अजून पाहिलेले नाही. माप त्यांच्या मनाचे. नेमके बसले तर मला कळवू नकोस.