वास घेतला होता

सोमवार, ३ नोव्हेंबर

लवंग — नाही. लिंबू — नाही. कॉफी — नाही. साबण — नाही.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी चार वस्तू हुंगायच्या आणि काय कळलं ते वहीत लिहायचं. म्हणून ही वही. दोन महिन्यांपूर्वी ताप आला, चार दिवसांत गेला, जाताना वास घेऊन गेला. जिभेला खारट, तिखट, आंबट, गोड एवढं कळतं. बाकी सगळा पुठ्ठा! वास न येणारा आचारी म्हणजे बहिरा गवई. वृद्धाश्रमात कोणाला पत्ता लागू दिलेला नाही. घरी हिला ठाऊक आहे आणि स्वयंपाकघरात माझ्या हाताखालच्या मावशींना. बस्स.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चारही — नाही.

आज डाळींच्या डोशांचा वार. हरभरा, तूर, मूग, उडीद, मूठभर तांदूळ — चार तास भिजवून, लाल मिरची नि आल्याबरोबर रवाळ वाटायचं. आंबवायची भानगड नाही. मग किसलेलं गाजर, कोबी, बारीक कांदा, कोथिंबीर. जाडसर पसरायचा, मधोमध उलथण्याने भोक पाडून तेलाचा थेंब सोडायचा, वर झाकण. तरुणपणी हॉटेलात अण्णांनी हाताला धरून शिकवलं होतं. इथे तेहतीस म्हातारी माणसं, निम्म्यांना दात नाहीत, म्हणून झाकण जरा जास्त वेळ ठेवायचं. मऊ राहतो. फक्त मास्तरांचा वेगळा! त्यांना कडा कुरकुरीत लागतात. ब्याऐंशीव्या वर्षी सगळे दात शाबूत, आणि त्याची मिजास केवढी! ताट घेऊन स्वतः खिडकीशी येतात — "काय बल्लवाचार्य, आज कडा जमल्या का?"

जमल्या होत्या. डोळ्यांनी आणि कानांनी करतो हल्ली. पीठ टाकल्यावरचा चर्रर् आवाज, कडेचा रंग. हिंग किती ते मावशी सांगतात. तव्यावर काही करपायला लागलं की त्याच खोकतात, मी झाकण उचलतो. आमची खूण. एवढ्या खोकतात म्हणून व्यवस्थापक ताईंनी काल त्यांना औषधाची बाटली आणून दिली!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मावशींच्या मुलीचे दिवस भरलेत. पाट्यावरून वर न बघता म्हणाल्या, "बोलावणं आलं की जावं लागेल मला, भाऊ. ताईंना सांगून टाका नाकाचं."

"बघू," म्हणालो.

"बघू बघू म्हणता म्हणता एक दिवस गोत्यात याल."

ताईंना सांगितलं की संपलं. छप्पन्नाव्या वर्षी आचाऱ्याला दुसरं दार कोण उघडतं? आणि वास न येणाऱ्याला तर खिडकीही नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

दुपारी मावशींना निरोप आला. कळा सुरू झाल्यात. संध्याकाळच्या गाडीने निघायच्या होत्या. उद्या मंगळवार, डोसे.

ताईंचा नियम भिंतीवर लिहिलेला आहे — खोबऱ्याची चटणी त्याच दिवशी सकाळी वाटायची. मावशी म्हणाल्या, उद्या चटणी नको, सोबत दही द्या. मीच म्हणालो, "म्हाताऱ्यांना डोशाबरोबर चटणी लागते. तुम्ही आत्ताच वाटून ठेवा. मी वाटायला घेतलं आणि नारळ खवट निघाला, तर मला कळायचं नाही."

"आणि नियम?"

"मी बघतो ना! तुम्ही जा निर्धास्त."

वाटली. लिंबू पिळलं, डबा फ्रिजमध्ये ठेवला. पायात चपला घालता घालता म्हणाल्या, "सकाळी कोणाला तरी चाखायला द्या बरं का. स्वतःच्या भरवशावर राहू नका."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पहाटेच वीज गेली. आली साडेआठला. फ्रिज तेवढा वेळ बंद.

डबा उघडला. हुंगला — सवयच आहे. काही नाही. बोटाने चाटली. मीठ, मिरची, आंबट. लिंबू पिळलेलं, मग आंबट लागणारच. पहारेकरी दाराशीच उभा होता. हाक मारायची, एवढंच. नाही मारली. काय सांगणार त्याला? चाख बाबा, मला कळत नाही?

खिडकीशी रांग लागलेली. वाढली.

दुपारी दोनला पहिली उलटी. संध्याकाळपर्यंत नऊ जण. मास्तरही. तिघांना रुग्णालयात हलवलं, त्यात मास्तर. बादल्या धुतल्या. मला वास येत नाही म्हणून मीच धुतल्या सगळ्या. आया म्हणाल्या, केवढं करतात हो आचारी!

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज काहीच हुंगलं नाही.

तपासनीस आले. चटणी, पीठ, पाणी, सगळ्याचे नमुने बाटल्यांत भरून नेले. जे खाऊन ठणठणीत आहेत त्यांचं काय, असं मी विचारलं. त्यांच्यासोबतचे डॉक्टर म्हणाले, प्रकृतीप्रकृतीचा फरक असतो. म्हणजे चटणीच!

मग ताईंनी खोलीत बोलावलं. दार लावलं.

"चटणी सकाळी वाटली होती?"

"नाही. मावशींनी परवा संध्याकाळीच वाटून ठेवलेली."

"तुम्हाला विचारून?"

इथे मी थांबलो. मग म्हणालो, "मला सकाळी डबा उघडल्यावर कळलं."

"आणि तुम्ही वास घेतला होता ना?"

"वास घेतला होता. ठीक होता."

दोन वाक्यं. तीसेक वर्षं आचारी आहे, कधी शिळं वाढलं नाही. काल वाढलं. आणि आज तोंडातून जे काढलं ते त्याहून शिळं.

खोटं नव्हतं म्हणा — घेतला होताच. आला नाही, एवढंच!! असल्या पळवाटा वहीत लिहितोय. लाज वाटते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मावशी आल्या. हसतच आत शिरल्या. "नात झाली, भाऊ! जावळ बघा म्हणावं, एवढं!"

मी अभिनंदन म्हणायच्या आतच ताई दारात. मावशींना गावी कोणी काही कळवलंच नव्हतं. ताईंनी तिथल्या तिथे सांगितलं — नऊ माणसं, नियम मोडला, कोणाला न विचारता मोडला, उद्यापासून येऊ नका. ताई वाईट नाहीत. तीन रात्री झोपलेल्या नाहीत त्या.

मावशी म्हणाल्या, "न विचारता?"

आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी कांदा चिरत होतो. मान वर केली नाही. कांद्याचं एक बरं, डोळ्यांत पाणी का म्हणून कोणी विचारत नाही.

त्यांनी खुंटीवरचा आपला टॉवेल घेतला, पाट्यावर फडकं घातलं आणि गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मास्तर गेले. पहाटे पाच वाजता.

डोशांचा वार. पेज केली सगळ्यांना.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मास्तरांचा पुतण्या सामान न्यायला आला होता. एक ट्रंक, दोन जोडी चपला, चष्म्याचं घर. जाता जाता स्वयंपाकघरात डोकावला. म्हणाला, "पत्रात काका तुमच्याबद्दल लिहायचे. इथं एकच गोष्ट घरच्यासारखी आहे म्हणायचे."

मी हात जोडले. दुसरं काय करणार? त्याने माझे हात हातात घेतले. हेच हात!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नवी बाई आली मावशींच्या जागी. तरतरीत आहे. खोकत नाही. आज भाजी तळाला लागली आणि ती म्हणाली, "अहो, केव्हाचं करपतंय, तुम्हाला वास नाही येत?"

"सर्दी झालीये," म्हणालो.

घरी हिला सांगितलं. इतके दिवस तिला अर्धंच सांगितलं होतं, वाटून ठेवा हे मीच म्हणालो, ते सोडून. आज तेही सांगितलं. ती मशीनवर पडद्याला शिवण घालत होती. पाय थांबला.

"म्हणजे त्या बाईने तुम्हाला दोन महिने सांभाळलं आणि तुम्ही तिला—" वाक्य पुरं केलं नाही तिने. मशीन पुन्हा सुरू. मग मशीनच्या आवाजातच म्हणाली, "बोलून टाका. उपाशी राहू. शिवीन मी दोन कपडे जास्त. पण असं घरात वावरू नका माझ्या समोर."

रविवार, २३ नोव्हेंबर

मावशींच्या घरी गेलो. एक खोली, पुढे ओटा. ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. दुकानदाराच्या शेंगा, पोत्यावर मजुरी. मला पाहून उठल्या, पाणी दिलं. बसायला पाट दिला.

"मास्तर गेले ना?"

"हो."

"मीच मारलं म्हणतात. बाजारात एक बाई तोंडावर बोलली मला."

मी पाणी पीत राहिलो. पेला रिकामा झाला तरी पीत होतो.

"तुमच्या नाकाचं मी नाही बोलले ताईंपाशी," त्या म्हणाल्या. "बोलता आलं असतं मला. म्हटलं, भाऊ स्वतः बोलतील. आज बोलतील, उद्या बोलतील." शेंग फुटली, दाणे सुपात पडले. "काही सांगायला आलात का?"

"सहज आलो होतो. या बाजूला काम होतं."

"बरं."

परत येताना चौकातल्या बाकावर तासभर बसलो. भित्रा माणूस. एवढंच लिहितो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

ताईंच्या दारापर्यंत गेलो. उद्या किती नारळ लागतील विचारून परत आलो!

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सांगितलं.

डोसे काढून झाले, सगळ्यांना वाढलं, तवा घासला आणि हात ओले असतानाच ताईंच्या खोलीत गेलो. हात पुसत बसलो असतो तर पुन्हा नारळांवर आलो असतो. उभ्यानेच बोललो. नाक गेल्याचं. मावशी दही द्या म्हणाल्या होत्या ते. वाटून ठेवा म्हणालो ते. चाखायला द्या म्हणाल्या, दिली नाही ते. या खोलीत काय खोटं बोललो ते, शब्द न् शब्द.

ताई शेवटी म्हणाल्या, "त्याच दिवशी बोलला असतात तर मास्तर वाचले असते असं नाही. पण त्या बाईला मी हाकललं नसतं हो!" आणि रडल्या. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडणं सोपं गेलं असतं.

किल्ल्या टेबलावर ठेवल्या. अहवाल आला की पुढचं बघू, म्हणाल्या. खिडकीशी दोघी-तिघी म्हाताऱ्या उभ्या होत्या. "आचारी, उद्या काय?"

घरी आलो. हिने ताट वाढलं, समोर बसली. बऱ्याच दिवसांनी माझ्याबरोबर जेवली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

घरी. दिवस मावळत नाही. हिच्या कपड्यांना गुंड्या लावून दिल्या. अकरा गुंड्या, चार वाकड्या.

मावशींकडे गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, मुलीकडे गेल्यात. चिठ्ठी लिहून सरकवली दाराखालून — ताईंना सगळं सांगितलं, चूक माझी होती. आणखी लिहायचं होतं. चिठ्ठीवर धाडस करायची सवय लागली तर तोंड उघडणार नाही पुन्हा, म्हणून एवढंच लिहिलं.

सोमवार, १ डिसेंबर

अहवाल आला. चटणी स्वच्छ. पीठ स्वच्छ. आजारी पडलेले नऊही जण मागच्या इमारतीतले. तिथल्या पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलेलं, आत कबुतर मरून पडलेलं. ताईंचा फोन — "तुमचाही दोष नव्हता आणि मावशींचाही नव्हता. नाकाचं बघू आपण, चाखायला माणूस देऊ. उद्यापासून या."

मावशींना विचारलंत का, म्हणालो.

ताईंनी विचारलं होतं. त्यांनी मावशींचे शब्द जसेच्या तसे सांगितले — "भाऊ असतील तर मी यायची नाही. त्यांच्या नाकाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तोंडाबद्दल आहे."

मी म्हणालो, मग मावशींना बोलवा.