बाबाच्या पायाची उघाडी

१२ जानेवारी
बाबाच्या पावलावरची जखम म्हणजे कॅन्सरच! मिठागरात पाय फाटायचेच, म्हणून आम्ही वर्षभर नुसतं तेल चोळत बसलो. मुंबईच्या सोनल डॉक्टरांनी जांघही चाचपली; पायाचा कॅन्सर पसरला तर आधी तिथे गाठ येते म्हणे. तिथे काही नाही म्हणाल्या. आता दोनच वाटा – घोट्यापासून पाय कापायचा, नाहीतर औषध टोचून वर विजेचे झटके.
बाबा उठलाच. "मना करंट नको!"
जीवनकाका मिठागरातच गेला, मोटारीच्या ओल्या वायरीला चिकटून. आपल्या या धाकट्या भावाला बाबानेच बाहेर काढलं होतं. त्याला काय समजावू?

१५ जानेवारी
डॉक्टरांना फोन करून पुन्हा विचारलं. पेशीभोवती पातळ पडदा असतो, हे औषध त्यातून सहज आत शिरत नाही. झटक्याने पडद्याला थोडा वेळ बारीक भोकं पडतात. औषध आत जातं, भोकं मिटतात. भूल देऊन करतात, कळतही नाही.
बाबाला म्हटलं, "आपल्या बांधाची उघाडी कशी? भरतीला फळी वर, खाडीचं पाणी आत, लगेच फळी खाली. तसंच."
बाबाने हातानेच फळी वर-खाली करून बघितली. मग म्हणाला, "फली येलेवर परली पायजे."
वेळेवर पडली की झालं – म्हणजे हो!

२ फेब्रुवारी
झालं. बाहेर बसून देवाचं नाव घेत होते, तेही धड आठवेना. शुद्धीवर येताच बाबाने आधी पाय चाचपला.

९ मार्च
जखम सुकतेय! काळी खपली, कडा कोरड्या. गावदेवीला नारळ फोडला, आळीभर पेढे वाटले. एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं.
बाबाचं नवीन खूळ – रोज जाडं मीठ भाजून पुरचुंडीने शेकत बसतो. गुडघा धरलाय म्हणे. मी शेकते म्हटलं तर दार लावून घेतो. म्हातारपणी लाज!

२१ एप्रिल
खपली पडली. खाली गुलाबी कातडी. दोन्ही पायांवर उभा राहिला माझा बाबा! उद्या तपासणी.

२२ एप्रिल
पाय बघून डॉक्टर हसल्या. बाबा हसला नाही. माझा हात धरला आणि लुंगीवरूनच जांघेवर ठेवला.
गाठ. सुपारीएवढी. लुंगी बाजूला केली, तर वरची कातडी शेकून शेकून भाजलेली.
"तू पेढे वाटलेस गो. मंग कसा सांगू?"