विरजणाच्या रांजणाचा प्रवास

गुर्ये, १२ मे

प्रिय वन्सं,

तुम्हाला नमस्कार. आम्ही इथे बरे आहोत. तुमच्या सोक्छोत अजून गारठा असेल, गुडघे जपा. पान-सू तुमची रोज आठवण काढतात, फोन मात्र करत नाहीत. भावाचा स्वभाव तुम्ही जाणताच.

डोंगरावरचं आपलं अंगण रस्तारुंदीत गेलं. सोया सॉसचे सगळे रांजण आता खाली गुर्येला नव्या जागेत आलेत. नवे रांजण वाटणीच्या ट्रकने आणले. त्यात इतर व्यापाऱ्यांचाही माल असतो, आणि मध्ये डेपोवर सगळं उतरवून दुसऱ्या गाडीत चढवतात. एकही फुटला नाही, पण आतला सॉस ढवळून गढूळ झाला. तो निवळेल. विरजणाचा जुना रांजण मात्र असा ढवळला असता, तर आपल्या घराची चवच गेली असती. दरवर्षीच्या नव्या सॉसमध्ये त्यातलीच पळी पडते.

मी म्हटलं, त्याच्यासाठी अख्खा ट्रक करू, तोही हवेच्या उशांवर चालणारा, धक्का न बसणारा. दवाखान्यांची यंत्रं नेतात तसला.

"अगं, रांजण आहे तो, राणीची पालखी नव्हे!" पान-सू म्हणाले. "साधा ट्रक करू, खाली पेंढा घालू. आई असती तर तुला वेड्यात काढलं असतं."

मी हवेच्या उशांचाच ट्रक सांगून टाकला.

ड्रायव्हर दो नावाचा होता. "काय न्यायचंय, ताई? मूर्ती?"

"सोया सॉस."

तो हसला. "किती जुना?"

"सासूबाईंच्या आजेसासूबाईंनी घातलेला."

त्याचं हसू थांबलं. बूट काढून तो ट्रकच्या आत चढला, जमीन हाताने पुसली. मग म्हणाला, "आधी मला जेवायला घाला. उपाशी माणूस ब्रेक जोरात मारतो."

घाट उतरल्यावर गाडी थांबली तेव्हा मी मागे चढले आणि रांजणाला कान लावला. आत साधं डुबुकसुद्धा नाही. एवढी वळणं उतरून आलो होतो, आणि आत जणू काहीच घडलं नव्हतं. मला तिथून उठवेना.

आम्हाला आईंचं वर्षभराचं सुतक, म्हणून झाकण आम्ही उघडायचं नाही. इथल्या शेजारच्या बेक आजींना बोलावलं. त्या झाकण उचलून वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या.

"आजी, नासला का?" पान-सूंचा आवाज चिरकला.

"गप रे! आभाळ दिसतंय आत."

त्यांनी पळी हळूहळू तळाला नेली. वर्षानुवर्षं साचलेल्या मिठाच्या खड्यांवर ती खरखरली. खडे जागचे हलले नव्हते. थेंबभर जिभेवर ठेवून आजींनी डोळे मिटले. "तुझ्या सासूला मी कधी पाहिलं नाही," मला म्हणाल्या, "पण आज भेटले."

पान-सूंनी रांजणापुढे जमिनीला कपाळ टेकलं. मीही टेकलं.

वन्सं, आई कशा गेल्या ते तुम्ही दफनाच्या दिवशी विचारलं होतंत. तेव्हा मला बोलता आलं नाही. बर्फामुळे रुग्णवाहिका वर चढेना, म्हणून आम्ही त्यांना शेजाऱ्यांच्या कोबीच्या ट्रकमधून नेलं. कमरेचं हाड मोडलेलं. पान-सू पुढे बसून वाट दाखवत होते, मी मागे आईंजवळ. प्रत्येक खड्ड्याला त्या माझा हात आवळत. ओरडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "लांब आहे गं रस्ता." घाट संपायच्या आत त्यांचा हात सैल पडला.

त्याच घाटातून रांजण आला, आणि त्याला काही कळलंसुद्धा नाही. असंही नेता येतं, वन्सं. मला माहीत नव्हतं.

पान-सूंना यातलं काही सांगितलेलं नाही. सुतक फिटलं की या. पहिली पळी लेकीच्या हातची असू द्या.

तुमच्या आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली,
ओक-बुन