टाच कुणी विणली?

अहो,

फोडणीचा भात झाकून ठेवलाय, ताक फ्रिजमध्ये आहे. मी ओझरला आशाकडे जातेय. तुमचे राखाडी मोजे सोबत नेलेत, शोधत बसू नका.

सकाळी धुताना बघितलं, डाव्या मोज्याची टाच नवी आहे. मी मोजा नळीसारखा सरळ विणते, टाचेच्या जागी लाल दोरा घालून ठेवते आणि टाच सगळ्यात शेवटी बसवते. म्हणजे बुटात घासून झिजली की तेवढीच उसवून नवी घालता येते. ही नवी मी घातलेली नाही. तुमच्या अंबडच्या कंपनीत सुया घेऊन कुणी बसत नाही, एवढं मलाही कळतं.

ही रीत मी फक्त माझ्या बहिणीला शिकवलीय. आशा शेवटचा टाका इतका घट्ट ओढते की आतून गाठ टोचते. कितीदा सांगितलं, ऐकत नाही. इथेही तशीच गाठ आहे.

काल फोनवर तिला सहज विचारलं. म्हणाली, "ताई, दाजी तर दिवाळीपासून इकडे फिरकलेच नाहीत."

हे मोजे मी संक्रांतीला विणलेत.

ललिता