कारगिलचं लोखंड

१२ सप्टेंबर, कारगिल

पोचलो एकदाचे! अशफाक, यांचा धाकटा भाऊ, इथे बोगद्याच्या कामावर वेल्डर आहे. तोच घ्यायला आला होता. गाव देखणं, पण भिंतींना अजून भोकं. लढाई संपून सव्वीस वर्षं झाली! घरमालकीण चहा देताना म्हणाली, "पहाड़ी पे मत जाना बेटी. जमीन में गोले अभी बाकी हैं." चहा गोड लागेना.

१३ सप्टेंबर

हे टेकडीवर गेलेच! गावी मेडशीत यांचं वेल्डिंगचं दुकान — लोखंड दिसलं की यांचे हात शिवशिवतात. बांधलेलं जड पोतं घेऊन आले. "कायले भेतं वं फरहा? जंग लागलेलं लोखंड हाये." अशफाक ते सफरचंदांच्या ट्रकने पाठवणार म्हणे. मी भांडले. उपयोग शून्य.

१८ सप्टेंबर, मेडशी

घरी आलो. ती भोकं डोळ्यांसमोरून जात नाहीत.

२० सप्टेंबर

ट्रक आला. हे पोतं उतरवून घेऊन, जवळच्या जऊळक्याला काही काम उरकून घरी आले — हातात तोफेचा गोळा! तोंड गॅस कटरने कापून दुकानाच्या दाराशी मांडायचा म्हणतात. गिऱ्हाइकांची कामं अडलीत म्हणून कापायचं राहिलं. अल्लाची मेहरबानी!

२६ सप्टेंबर

उद्या कापणार. शेजारचे हरीओमभाऊ फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना गुपचूप फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. मग — "वहिनी, मुनाफले कटर लावू देऊ नका. आधी घराबाहेर निघा."

यांना न विचारता पोलिसांना फोन केला. हे माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते.

२७ सप्टेंबर

बॉम्बनाशक पथकाने गोळा नाल्यात नेऊन उडवला. जिवंत होता! अख्ख्या मेडशीच्या खिडक्या थरथरल्या. पथकाच्या साहेबांनी विचारलं, "एकच होता ना?" हे म्हणाले, "एकच."

२८ सप्टेंबर

हे जेवत नाहीत. दोनदा गाडी काढली, दोनदा परत लावली. पोलीस केसची धास्ती असेल.

२९ सप्टेंबर

सकाळी रडलेच हे. पोत्यात दोन होते! जऊळक्यात यांच्या जुन्या शाळेची घंटा, म्हणजे रुळाचा तुकडा, चोरीला गेली होती. दुसरा गोळा हे वीस तारखेलाच घंटा म्हणून तिथल्या वीरेंद्र गुरुजींना देऊन आले. आठवडाभर पोरं त्यावर हातोडा मारताहेत.

हे निघालेत. पोलीसही निघालेत. गुरुजी फोन उचलत नाहीत. शाळा साडेदहाला भरते.

दहा पंचवीस झालेत.