शीळवालीची कवळी

सोमवार, ३ मार्च

आज पुन्हा तेच. दात कोरायचं मशीन पायाने चालतं, पाय माझा, आणि टेपवर नेमकं कंदिलाचं गाणं! ध्रुवपद आलं आणि पायाने आपणहून ठेका धरला. घर्र-घर्र-घर्रर्र, घर्र-घर्र-घर्रर्र. खुर्चीतल्या कॅशियरने दोन्ही हात वर केले, बँकेत दरोडा पडल्यासारखे. दात मात्र झकास कोरला गेला. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

बायको बाहेर काउंटरवर बसते. तिने सगळं ऐकलं होतं. "अहो, एक तर गाणी ठेवा, नाहीतर पेशंट."

मी म्हटलं, लोक गाण्यांसाठीच येतात.

"येतात. मग मशीन सुरू झालं की जातात."

बुधवार, ५ मार्च

टेप बंद. हुकूमच तसा. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघत बसलो, स्वतःचं पाडून.

गुरुवार, ६ मार्च

टेप सुरू! बायको बहिणीकडे गेली आहे.

त्या गाण्यात एवढं काय आहे, हे तिला आजवर कळलेलं नाही. सांगायला गेलो की ती जांभई देते, आणि मी सवयीने तिच्या दाढा तपासतो. म्हणून इथे लिहितो. मुलगी कंदिलाला विनवते आहे, अजून थोडा वेळ जळ म्हणून. बस, एवढंच गाणं. पण 'स' आला, 'श' आला, की गाणारीच्या शब्दाच्या टोकाला एक बारीक शीळ निघते. दाराच्या फटीतून वारा यावा तशी. आम्ही कॉलेजातली पोरं तिला शीळवालीच म्हणायचो. किती गायिका आल्या नि गेल्या, सगळ्या कशा तुपात घोळलेल्या. मला ही शीळ लागते. ती ऐकायला टेप अजून मागे फिरवतो, या वयात!

धंद्याच्या नजरेने निदान सांगायचं तर वरच्या पुढच्या दोन दातांत फट. खात्री करायची सोय नाही, कारण छापलेल्या प्रत्येक फोटोत बाईंनी तोंड मिटलेलं. पण पैज लावायला तयार आहे.

सोमवार, १० मार्च

आज जे झालं ते नीट लिहितो.

सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आल्या. कवळी हवी होती. तोंडात औषधाला एक दात नाही. मी मापाचा मसाला कालवला, साचा तोंडात बसवला, टेप हळूच लावली. दुसऱ्या कडव्यात बाईंनी खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली. मला वाटलं, गुदमरल्या! साचा ओढून काढला.

"इथे त्या व्हायोलिनवाल्याने घाई केली," बाई म्हणाल्या. "त्याला गाडी गाठायची होती."

"तुम्ही होतात तिथे?"

"गात होते ना," म्हणाल्या आणि चूळ थुंकल्या.

साचा माझ्या हातून पडला. माप पुन्हा घ्यावं लागलं. त्यातही मसाला मी पाण्याऐवजी माझ्या चहात कालवायला घेतला होता.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं, शीळवाली आपल्याकडे आली होती! ती म्हणाली, "दात आहेत का त्यांना?"

"एकही नाही."

"मग आता शीळ कुठून येणार?"

बायको कधीकधी नकळत लाखमोलाचं बोलून जाते. शीळ दातांतून येते. दात करणार कोण? मी!

शुक्रवार, १४ मार्च

कवळ्या बनवणाऱ्या लॅबवाल्याचा फोन. "डॉक्टर, तुमच्या चिठ्ठीत पुढच्या दातांत फट लिहिली गेलीय. मी बुजवून टाकली. काळजी करू नका."

म्हटलं, उघडा. फट हवीच आहे. दोन मिलिमीटर.

"कवळीत? लोक फट बुजवायला माझ्याकडे येतात, डॉक्टर. तब्येत बरी आहे ना?"

शेवटी फोन टेपजवळ धरला आणि म्हटलं, ही शीळ ऐका नि तुम्हीच सांगा. गड्याने कडवं पुरं ऐकलं. मग म्हणाला, "आमची आई शिवण शिवताना हे म्हणायची." आणि मग, "दोन नाही, दीड. दोनला नुसता वारा जाईल."

अर्ध्या मिलिमीटरवरून आम्ही गाणं संपेपर्यंत भांडलो. मग गाणं पुन्हा लावलं. दीड ठरलं.

बाईंना काही सांगायचं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा!

सोमवार, १७ मार्च

धक्का बसला. मला.

आज मेणातली कवळी घालून बघायची होती. दात मेणात बसवलेले असतात, म्हणजे हलवायचे तर हलवता येतात. मी ती बसवली, आरसा दिला आणि टेपच्या बटणावर बोट ठेवून तयारीत उभा राहिलो. बाईंनी आरशात पाहिलं. आणि त्यांचा हात पटकन तोंडावर गेला.

मग म्हणाल्या, "ही फट जावी म्हणून मला सगळे दात पडायची वाट बघावी लागली, डॉक्टर. आणि तुम्ही ती परत बसवलीत."

मी काहीतरी पुटपुटलो. शीळ, कॉलेज, लॅबवाल्याची आई.

"त्या शिळेवरून मी प्रत्येक गाण्याला बोलणी खाल्लीत. तोंड कमी उघड, फट वाजतेय, म्हणून रेकॉर्डिंगवाले ओरडायचे. मग मी तोंड उघडायचेच नाही. ते गाणं कुठे लागलं की मला फक्त चूक ऐकू येते. लग्नाच्या फोटोतसुद्धा ओठ मिटलेत माझे. आता नातीबरोबर एक फोटो काढायचाय. हसून. म्हणून आले होते तुमच्याकडे."

मग कवळी काढून माझ्या हातावर ठेवली नि म्हणाल्या, "तुमच्या कानांसाठी माझं तोंड केलंत होय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं दात करतोय, पण पेशंटला न विचारता असलं काही केलं नव्हतं. फट बुजवून देतो म्हणालो.

मंगळवार, १८ मार्च

दिवसभर मनात एकच. अर्धा मिलिमीटर ठेवला तर? आरशात दिसणार नाही, फोटोत दिसणार नाही. बारीकशी शीळ तरी राहील! मी बुजवली तर ती जगातून कायमची जाणार, आणि ती घालवणारा कोण, तर तिच्यावर जीव टाकणारा मी.

बायकोला विचारलं. ती भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, तोंड कुणाचं आहे?"

लॅबवाल्याला फोन केला. पूर्ण बुजवा.

"म्हणजे शीळ गेली?"

"गेली."

"बरं," म्हणाला. फोन मात्र लगेच ठेवला नाही. मीही नाही ठेवला.

नंतर हत्यारं उकळायच्या भांड्याजवळ जरा रडलो. चष्म्यावर वाफ होती, त्यामुळे निभावलं.

गुरुवार, २० मार्च

टेप मीच बंद ठेवली. बायको कपाळाला हात लावून ताप बघून गेली. दोनदा.

सोमवार, २४ मार्च

कवळी बसवली. बाई आरशात हसल्या, पार मागच्या दाढांपर्यंत. मग मी न सांगताच त्यांनी स्वतःच कंदिलाचं गाणं म्हणायला सुरुवात केली. 'स' आला, 'श' आला, शीळ नाही. पण तोंड सताड उघडं, आणि आवाज असा की ट्रेमधली हत्यारं वाजायला लागली आणि काउंटरवरून बायको धावत आली. पेन हातातच, दारात उभी. शेवटच्या सुराला खालची कवळी निसटली, ती मी झेलली. इतकी वर्षं ज्याच्यावर जीव टाकला, तो आवाज मिटल्या ओठांतून निसटलेला होता. बाईंचं गाणं मी आज पहिल्यांदा ऐकलं.