दोन बोटं बाहेर

२८ नोव्हेंबर १९८०, पवनी
जीप रस्त्यावरच्या मोरीला ठोकली. मी चालवत नव्हतो, धाकटा भाऊ होता, दिवाकर. आसगावला सवाऱ्या सोडून रिकामी येत होता. कपाळाला तीन टाके, बाकी धडधाकट. देवाचे उपकार. जीप नाकावर बसली आहे.
त्याचं एकच पालुपद, "दादा, गाडी डावीकडं ओढून राहिली होती." मी म्हटलं, "सात वर्षं झाले, मले नाई ओढत. तुलेच बरी ओढते?" नाचता येईना अंगण वाकडे. हेही बोललो. दारात चार लोक उभे होते, त्यांच्यासमोर बोललो.

३० नोव्हें.
गॅरेजवाल्या हमीद उस्तादने खाली शिरून पाहिलं. बंपर, मडगार्ड किरकोळ. चासी वाकली आहे, म्हणजे ज्या सांगाड्यावर सगळी गाडी बसते तोच. म्हणाला, "दो रस्ते हाय, भाऊ. भंगारात द्या, नाई तं गरम करून सीधी करतो. पण गॅरंटी नाई देत. चालता चालता तुटली तं मले बोलाचं नाई."
मी तिथल्या तिथे सांगितलं, सरळ करा. ठरवायला मला वेळ लागत नाही, हा माझा जुना गुण. आसगावच्या बाळंतिणी भंडाऱ्याला मीच नेतो. एस.टी. काय रात्री-अपरात्री दारात उभी राहते?
सौ.चं मत वेगळं. "त्याच बाळंतिणीले घेऊन तुटली म्हणजे? विकून टाका बाप्पा." तिला म्हटलं, भाकरीचं तू पाहा, लोखंडाचं मी पाहतो. त्यावर भाकरी थोडी आदळून वाढली.

२ डिसें.
दिवाकर सासुरवाडीला गेला, एकोडीला. बायको-पोरासकट. मला सांगितलं नाही. सौ.ला सांगून गेला, "मी आता स्टेअरिंगले हात नाई लावत. शेतात राबतो." मानी आहे. घराण्याचाच गुण. आठ दिवसांत येईल परत.

१४ डिसें.
आला नाही. चिठ्ठीही नाही.
आज चासी ओढली. इंजिन, बॉडी सगळं उतरवलेलं. एक टोक साखळीने चिंचेच्या बुंध्याला बांधलं, दुसऱ्या टोकाला जॅक. मधे गॅस लावून लाल केली. लोखंड कुरकुरत होतं. उस्ताद दर दोन मिनिटांनी एक डोळा मिटून बघायचा. मी पण बघितलं. मला तर रुळासारखी सरळ दिसली.

२१ डिसें.
गाडी जुळली. आवाज उत्तम. मी म्हटलं, उद्यापासून सवाऱ्या. उस्ताद म्हणाला, थांबा, आधी खळ्यावर पाहू.
आसगावला गोविंदाचं धानाचं खळं परवाच सारवलेलं, अजून ओलसर. गोविंदा माझा शाळेतला सोबती, म्हणून कबूल झाला, पण त्याची बायको शेवटपर्यंत बडबडत होती. जीप सरळ खळ्यावरून नेली. उतरून पाहिलं. मागच्या चाकाचा ठसा पुढच्या ठशावर बसायला हवा. नाही बसला. उजव्या अंगाला दोन बोटं बाहेर.
गोविंदा म्हणाला, "कुत्रं तिरपं चालते तशी चालते बे तुही गाडी." सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार.

२२ डिसें.
उस्ताद म्हणतो, दोन बोटं म्हणजे काही नाही, चालवा. काढायचीच तर सगळं परत उतरवावं लागेल, परत तापवावं लागेल, आणि दुसऱ्यांदा तापवलेलं लोखंड दगा देऊ शकतं.
आयुष्यात पहिल्यांदा "विचार करून सांगतो" म्हणालो. तोवर सवारी नाही. आसगावचे लोक विचारून राहिले, दादा, जीप कधी? सांगतो, पंधरा दिवस.

४ जाने. १९८१
आज राईस मिलवर गेलो होतो. तांदूळ मिळायला वेळ होता म्हणून धान वाळवायच्या सिमेंटच्या ओट्यावर बसलो. समोर ओट्यात चाकांचे ठसे. माझेच. तीन वर्षांपूर्वी सिमेंट ओलं असताना मी जीप आत घातली होती आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.
सहज म्हणून वाकून बोटं लावली. मागचं चाक पुढच्याच्या बाहेर. उजव्या अंगाला. दोन बोटं.
परत लावली. दोनच.
म्हणजे ठोकायच्या आधीपासूनच चासी वाकडी, गाडी डावीकडे ओढणारी. मी घेतली तेव्हाही तशीच असणार. मला कळलं नाही, कारण माझा हात आपोआप सांभाळून घेत होता. दिवाकरला महिन्यातून चारदा गाडी मिळायची, त्याच्या हाताला ती ओढणारच. तांदूळ न घेताच घरी आलो.

५ जाने.
उस्तादला सांगितलं. तो आधी खूप हसला. मग म्हणाला, "म्हणजे मी तुमची गाडी होती तशीच करून दिली. अजून काय पाहिजे?"
बरोबर आहे त्याचं. वाकडी चासी घेऊन सात वर्षं एक माणूस दगावला नाही. मग चासी परत उघडायची कशाला? आणि नाही उघडली, तर माझ्यावाचून दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची कशी?
सौ.ला सिमेंटचं सगळं सांगितलं. ती डाळ निवडणं थांबवून म्हणाली, "मले काहून सांगता? ज्याले चारचौघांत बोलले, त्याले जाऊन सांगा ना."

११ जाने., एकोडी
जीप घेऊन आलो, एकटाच. दिवाकर धानाच्या बांधीत लाखोरीचं पीक पाहत होता. कपाळावरचा व्रण भरून आला आहे. म्हणाला, "जेवून घे, दादा."
जेवणाआधीच सांगितलं. त्याच्या सासऱ्यासमोर, मेहुण्यासमोर, मुद्दाम. "दिवाकर, गाडी ओढत होती. तू खरं बोलला. मी चुकलो." शब्द बाहेर पडायला फार जड गेले. डोळ्यांत पाणी आलं, तेही सगळ्यांनी पाहिलं.
त्याने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग विचारलं, "आता?"
मी म्हटलं, "तूच सांग. अशीच चालवाची का परत उघडाची?"
"उघडली तं येतो मी. अशीच ठेवाची असन तं नको." मग माझ्याकडे बघून, पहिल्यांदा जरासं हसत, "पण सीधी झाली तं तुलेच चालवता येणार नाई, दादा. तुहे हात सात वर्षांपासून उजवीकडं ओढून राहिले. तुले नव्यानं शिकवा लागन. मी शिकवीन."
सासरेबुवा खो खो हसले. मी म्हटलं, वा, मला शिकवणार!

संध्याकाळी एकटाच तलावाच्या पाळीवर जीप नेली. हात सोडून पाहिले. लगेच डावीकडे निघाली.
दिवाकरने आपलं गाठोडं बांधून ओसरीवर ठेवलं आहे. सकाळपर्यंत सांग म्हणतो. गाडी परत उघडायला मी अजून हो म्हटलेलं नाही.